खात्यात पैसे आहेत तरी डेबिट कार्ड ऑनलाइन डिक्लाइन होतंय, लिमिटचा काय घोळ आहे?

रिकामा_खिसा:
मंडळी नवीन डेबिट कार्ड आलंय, एटीएममधून पैसे निघतात, स्वाइप मशीनवर पिन टाकूनही चालतं, पण ऑनलाइन पेमेंट केलं की डिक्लाइन. मित्र म्हणतो एटीएमची लिमिट वाढवून घे. त्याने सुटेल का? आणि कार्डाची लिमिट ४० हजार लिहिलीय पण काल मशीनने १० हजारांवर दिलेच नाहीत, हे काय आता?

काउंटरपलीकडचा:
मित्राला चहा पाजा पण त्याचं ऐकू नका 😄 एटीएमची लिमिट वेगळी, दुकानातली-ऑनलाइनची वेगळी, एक वाढवून दुसरीला काडीचा फरक पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला, ते पण कार्ड आत घालून, एवढ्यालाच चालू असतं. ऑनलाइन, टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं), परदेशातलं हे सगळं बंद, आपण उघडायचं. ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा, बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये प्रत्येक प्रकारापुढे एक बटण आणि एक रक्कम दिसते. लोक बटण चालू करतात आणि रक्कम शून्यच ठेवतात, मग परत डिक्लाइन आणि बँकेच्या नावाने खडे फोडायचे.

सुट्टे_द्या:
१० हजारांचं सांगतो, दुसऱ्या बँकेचं एटीएम असणार. तिथे एका खेपेला सहसा तेवढेच निघतात, ४० हजार ही दिवसाची लिमिट. परत कार्ड घालून काढता येतील पण दर खेप फुकटच्या व्यवहारांत धरतात, दुसऱ्या बँकेत मेट्रो शहरात महिन्याला ३ आणि बाकी ठिकाणी ५, नुसता बॅलन्स बघितला तरी त्यातला एक गेला. त्यापुढे मे २०२५ पासून व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत कापतात, वर टॅक्स. मोठी रक्कम असेल तर आपल्याच बँकेचं मशीन गाठा.

रिकामा_खिसा:
सापडलं! बटण चालू होतं, रक्कम शून्य. आता सगळंच फुल करून टाकू का, टॅप पण?

जपून_खर्च:
अजिबात नको. टॅपला ५ हजारांपर्यंत पिन लागत नाही (२०२१ च्या आधी २ हजारच होतं), कार्ड हरवलं तर ज्याच्या हाती लागेल त्याची चैन. टॅपला हजारभर ठेवा, परदेशातलं बंदच राहू दे. ऑनलाइनचं मी काम झालं की लगेच खाली आणते.

सुट्टे_द्या:
दरवेळी वर-खाली कोण करत बसणार ताई, नेमकं गरजेच्या वेळी ॲप मेंटेनन्सला असतं. मी ऑनलाइनला महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या बिलाएवढं ठेवतो, त्याहून मोठं काही आलंच तर सरळ एनईएफटी (खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवणं), ते चोवीस तास चालतं आणि कार्डाच्या लिमिटशी त्याचा संबंधच नाही.

जपून_खर्च:
एनईएफटीला पण बँकेची लिमिट असतेच हं, आणि पैसे पाठवायला समोरच्याचं नवीन खातं जोडलं की बऱ्याच बँका पहिल्या दिवशी थोडेच पाठवू देतात. आदल्या दिवशीच जोडून ठेवा.