‘आवृत्ती सोडली’ म्हणजे आणली की टाकून दिली?

डिचोलीकर
आमच्या गावच्या वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर) आहे आणि ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आहे. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा घेतलीय तिचं इंग्रजी पत्र आलं, कमिटीसाठी मी त्याचं मराठी केलं. ‘वर्डप्रेसने ६.६ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये सोडली असून तिला किमान पीएचपी ७.२.२४ लागते. आपला सर्व्हर तिच्याशी सुसंगत नाही.’ (पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेत लिहिलंय ती.) चिटणीस म्हणाले, ‘त्यांनीच सोडली, तर आपण कशाला धरून बसायचं?’ विषय स्थगित. आता दोन शब्द सुचवा. रिलीज करणं याला काय म्हणू? आणि कंपॅटिबलला ‘सुसंगत’पेक्षा बरा असा शब्द, जो ऐकून खजिनदार कपाटाची किल्ली काढतील.

शुद्धमती
‘प्रकाशित केली’. पुस्तकाची आवृत्ती प्रकाशित होते, सॉफ्टवेअरची का होऊ नये? ‘विमोचन’ नको, ते हिंदीकडून आलंय. ‘लोकार्पण’ पुढाऱ्यांकडेच राहू दे. आणि ‘अपडेट मारलं’ असलं काही तर मुळीच नको.

फोंड्याचा सर्व्हरवाला
ताई, आम्ही दिवसभर अपडेटच मारतो. ‘प्रकाशित’ची अडचण अशी की वर्डप्रेसमध्ये लेख लिहून झाला की दाबायचं बटण ‘प्रकाशित करा’ हेच. एकाच पत्रात लेखही प्रकाशित आणि आवृत्तीही प्रकाशित, कमिटी अजून गोंधळेल.
चिटणिसांची मात्र चूक नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये वर्डप्रेसने ६.३ सोडली आणि त्याच ६.३ पासून पीएचपी ५ सोडलं. पहिलं सोडणं म्हणजे बाजारात आणणं, दुसरं म्हणजे नाद सोडणं. एका वाक्यात लिहून बघा.

मडगावची वहिनी
कदंब बसच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणतो ‘वाळपईची सोडली’, म्हणजे गाडी वेळेवर काढली. बाकावरची बाई म्हणते ‘वाळपईची सोडली’, म्हणजे गर्दी बघून चढलीच नाही. दोघंही शुद्ध मराठी बोलतात. ‘सुटली’ म्हणा, वाद मिटेल.

फोंड्याचा सर्व्हरवाला
सुटली म्हणजे चुकली मरे! ‘६.६ सुटली’ वाचून लोक हळहळतील. ‘आली’ म्हणा आणि मोकळे व्हा.

बार्जमिस्त्री
दुसऱ्या शब्दाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मांडवीकाठच्या बार्जच्या वर्कशॉपात जन्म गेला. आम्ही म्हणायचो ‘आटे जुळत नाहीत’. अर्ध्या इंचाचे, म्हणजे चार सुताचे दोन बोल्ट घ्या, एक जुन्या ब्रिटिश मापाचा, एक अमेरिकन. जाडी तीच. पण पहिल्याला इंचात १२ आटे, दुसऱ्याला १३. एकाचा नट दुसऱ्यावर लावला की पहिला फेरा लोण्यासारखा जातो, मग अडतो. पोरगं नवीन असलं की पान्याला पाइप लावून जोर करतं, आणि नटाचेही आटे जातात, बोल्टाचेही. हे खजिनदारांना सांगा. माझ्या मते ‘आटापिटा’तला आटा हाच. गंजलेला नट काढून बघावा.

शुद्धमती
आटापिट्याला आधार काय? कोश न बघता व्युत्पत्त्या ठोकायची आपल्याकडे साथच आलीय. आणि सभेच्या पत्रात ‘आटे’? उद्या बॅकवर्ड कंपॅटिबलला, म्हणजे नव्यावर जुनंही चालण्याला, ‘मागचे आटे’ म्हणाल.

फोंड्याचा सर्व्हरवाला
‘मागास सुसंगत’पेक्षा बरंच! हे भाषांतर मी खरोखर वाचलंय. त्या शब्दाची गरज मात्र पदोपदी लागते. पीएचपी ७.० डिसेंबर २०१५ मध्ये आलं तेव्हा डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये ८.० आलं तेव्हा ‘ईच’ हे फंक्शन गेलं. म्हणजे वर्डप्रेस ताजं असूनही त्यावरची जुनी थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) पडू शकते. मिस्त्रीकाका म्हणतात तसंच, पहिलं पान उघडतं, शोध दाबला की पांढरा पडदा.
डिचोलीकर, सर्व्हरवर आत्ता पीएचपी कुठलं?

डिचोलीकर
५.६. डॅशबोर्डवर मात्र ‘आपली आवृत्ती अद्ययावत आहे’ अशा अर्थाचं काहीतरी दिसतं. शिवाय हे मुक्तस्त्रोत आहे ना, फुकटच्या वस्तूसाठी सर्व्हर बदलायला पैसे का, हा खजिनदारांचा मुद्दा.

फोंड्याचा सर्व्हरवाला
तुमचं पीएचपी ६.३ ला चालत नाही म्हणून वर्डप्रेस ती दाखवतच नाही. तुम्ही ६.२ च्या फांदीवर अडकलात. तिथे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत असतील, पण नवं काही येणार नाही.

सत्तरीची मास्तरीण
माझं मत ‘मानवणे’ला. जुन्या थीमला पीएचपी ८ मानवत नाही. आमच्या आजीला घाटावरचं पाणी मानवत नसे, त्यात पाण्याचाही दोष नव्हता, आजीचाही नव्हता. ‘विसंगत’ म्हटलं की कुणीतरी चुकलंय असं वाटतं.

डिचोलीकर
मानवणे आवडलं. पण मग नुसतं ‘चालेल’ का नको? ‘पीएचपी ७.२ चालेल.’

फोंड्याचा सर्व्हरवाला
इथेच लोक फसतात. मराठीत ‘चालेल’ म्हणजे धावेल पण आणि हरकत नाही पण. ६.६ ही ७.२.२४ वर धावते, हे खरं. पण खुद्द पीएचपी ७.२ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, त्यानंतर पीएचपीवाल्यांकडून भोकं बुजवणं बंद. तेव्हा चालेल, पण चालणार नाही. खजिनदारांना हे वाक्य देऊ नका.

शुद्धमती
तुम्ही सगळे ‘आवृत्ती’ शब्दाकडे दुर्लक्ष करताय. आवृत्ती म्हणजे पुन्हा फिरणं, तेच पुन्हा छापणं. मजकूर बदलला की ते संस्करण. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. त्या आवृत्त्या. सॉफ्टवेअरमध्ये तर तेच कधीच येत नाही.

मडगावची वहिनी
गोव्यात छापखाना १५५६ साली आला, तरी साठ वर्षांनीही ते मराठी पुस्तक रोमी (रोमन) लिपीतच निघालं. आटे जुळले नाहीत म्हणा की!

रोमी वाचणारा
मराठी? त्यात कोंकणी किती आहे ते वाचलंत का?

शुद्धमती
वाचलंय. भाषा ग्रांथिक मराठीच, थोडी कोंकणीची छटा. वाद जुना आहे, इथे नको.

रोमी वाचणारा
नको म्हणून तुम्हीच निकाल दिलात की! गोव्याच्या १९८७ च्या कायद्यात राजभाषा कोंकणी आहे, हे पण लक्षात असू द्या.

सत्तरीची मास्तरीण
त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही सोय आहे. आणि कायद्याचा १६१६ शी काय संबंध?

बार्जमिस्त्री
आटापिट्याचं उत्तर कुणी दिलं नाही. ‘आटोकाट’ पण बघा.

डिचोलीकर
मंडळी, बुधवारी मीटिंग आहे. खजिनदारांना काय सांगू?

शुद्धमती
आधी ‘मुक्तस्त्रोत’मधला त काढा. स्रोत.