सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, मग साष्टी का नाही?

प्रश्न : साष्टी (मुंबईच्या उत्तरेला लागून असलेले बेट) १७३७ मध्ये आणि वसईचा किल्ला १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. पुढे इंग्रजांनी दोन्ही ठिकाणे घेतली, पण इंग्रज आणि मराठे यांच्यातील १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली आणि साष्टी कायमची गेली. मध्ये केवळ एक खाडी असलेल्या या दोन मुलखांचा निवाडा असा वेगवेगळा का झाला? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : उत्तर सनावळीत आहे. ठाण्याचा किल्ला आणि साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस घेतली, तर वसई जनरल गॉडर्डने वेढा घालून डिसेंबर १७८० मध्ये घेतली. या दोन घटनांच्या मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्यातील १७७६ चा पुरंदरचा तह येतो. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईला जे ठरले, त्यानुसार पुरंदरनंतर जिंकलेला मुलूख इंग्रजांनी परत करायचा होता. त्यामुळे वसई सुटली आणि साष्टी त्या कलमाबाहेर राहिली. हैदरअलीशी युद्ध चालू असल्याने कंपनीलाही पेशव्यांशी सलोखा हवाच होता.

प्रतिसाद २ : सनावळी बरोबर आहे, परंतु माझ्या मते कलम कसेही लिहिले असते तरी इंग्रजांनी साष्टी सोडली नसती. वसई खाडीपलीकडे, साष्टी मात्र मुंबईच्या थेट उशाशी. १७३९ मध्ये वसई पडल्यावर मुंबईत एवढी घबराट उडाली की कोटाभोवती खंदक खणण्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी दिली. त्यानंतर मराठे साष्टीत असेपर्यंत ही धास्ती कायम होती.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग परत मिळालेल्या वसईचा पेशव्यांना उपयोग काय झाला?

प्रतिसाद ३ : सांगताना वाईट वाटते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या मदतीने समुद्रमार्गे वसईस पोहोचला. तिथेच ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. ज्या किल्ल्यासाठी १७३९ मध्ये भुई दरवाजाच्या (जमिनीकडील दरवाजाच्या) बाजूने सुरुंगांवर सुरुंग उडवत हजारो माणसे खर्ची पडली, त्याच वसईत हे घडले.