विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी जिल्हा आराखडा: कोकणात नेमकं काय मागावं?

खाडीपल्याड

जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यायचं एक टिपण तयार करतोय. विषय विधिसंघर्षग्रस्त बालकांचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांचा, जिल्हा सिंधुदुर्ग, पण रत्नागिरीतल्या मंडळींनाही लागू पडेल असं लिहायचं आहे. आधीच्या मसुद्यात तीन मागण्या आहेत: नवं निरीक्षणगृह, शाळाशाळांतून जनजागृती आणि तालुक्याला एक समुपदेशन केंद्र. वाचायला बरं वाटतं, पण उद्या हे सगळं मंजूर झालं तरी दोडामार्गच्या किंवा मंडणगडच्या पोराला काय फरक पडेल, याचं उत्तर सापडत नाही.

आपल्याकडच्या केसेस साधारण ठरलेल्या. चाकरमान्यांच्या बंद घरांतून तांब्या-पितळेची भांडी उचलणं, बंदरावर डिझेल किंवा जाळ्यांची चोरी, मारामाऱ्या, बांद्याच्या बाजूने गोव्याची दारू दुचाकीवरून आणणं, आणि 'पळून गेली' या सदरातल्या पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) केसेस. अंतरं लांब, बाल न्याय मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी, आईबाप बरेचदा मुंबईत.

बाल न्याय अधिनियम, २०१५ वाचलेला आहे. टिपणात कशावर भर द्यावा, आणि प्रत्यक्षात कुठे अडतं, हे सांगा.

तिठ्यावरचा

निरीक्षणगृहाची मागणी काढून टाका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे ते एका जिल्ह्यासाठी किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी असू शकतं. आपल्याकडे मुलांची संख्या कमी, त्यामुळे नव्या इमारतीत पोरं कमी आणि रिकामी पदं जास्त अशी गत होईल. इमारत उभी राहिली की ती भरायचा मोह होतो, हा वेगळाच धोका.

सगळा भर पहिल्या २४ तासांवर द्या. कलम १० म्हणतं की ताब्यात घेतलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. मग सगळे गाडी, डिझेल, सोबतचा कर्मचारी यावर बोलू लागतात. पण त्यातल्या बहुतेक मुलांना ताब्यात घ्यायचीच गरज नसते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम ८ वाचा. किरकोळ आणि गंभीर गुन्ह्यांत मुलावर एफआयआर नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीला नोंद करायची, नमुना १ मध्ये सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरायचा आणि तो मंडळाकडे पाठवायचा. एफआयआर फक्त अतिगंभीर गुन्ह्यात (किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त) किंवा प्रौढाबरोबर मिळून गुन्हा केल्याचा आरोप असेल तेव्हा.

आता तुमची यादी या चाळणीतून काढा. साधी चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे किरकोळ. रात्री बंद घर फोडून चोरी केली तर कमाल शिक्षा बरीच वर जाते, पण किमान सात वर्षांची अट नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर असे गुन्हे 'गंभीर' या गटात स्पष्टपणे आले. ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. तेव्हा भांड्यांच्या केसमध्ये एकटी मुलंच असतील तर एफआयआर नाही. ठाण्यात मात्र 'घरफोडी आहे, गुन्हा तर दाखल करावाच लागेल' असं धरून चालतात, आणि पुढची सगळी साखळी तिथून सुरू होते.

दुसरी अडचण पालकांची. झिलाक पोलिसांनी नेल्यानी असं कळलं की पहिला फोन पोलीस पाटलाला, दुसरा मुंबईला. बाप रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी पोचतो, तोवर पोरगं ठाण्यातल्या बाकावर. घरात आजी असते, पण 'पालक नाहीत' म्हणून तिच्या ताब्यात देत नाहीत. कायद्याच्या व्याख्येत पालक म्हणजे फक्त आईबाप नव्हेत. मंडळाच्या मते ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष ताबा आहे तोही पालक. शिवाय कलम १२ मध्ये योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली सोडण्याची सोय आहे आणि कलम ५२ प्रमाणे मंडळ पडताळणी करून अशा व्यक्तींना मान्यता देऊ शकतं. टिपणात मागणी अशी करा: प्रत्येक तालुक्यात निदान चार-पाच योग्य व्यक्तींची मान्यताप्राप्त यादी, दर वर्षी नूतनीकरण, फोन नंबरासह ठाण्याच्या भिंतीवर. निवृत्त शिक्षक, आरोग्यसेविका अशी माणसं मिळतात. सरपंचाला घेऊ नका, गावचं राजकारण त्यात शिरतं.

तिसरं, मंडळाची बैठक रोज नसेल त्या दिवसांचं. कलम ७(२) प्रमाणे मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येतं. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यांतली किमान एक स्त्री. दोघांपैकी एक सदस्य जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा नेमला गेला तर मालवण-देवगडची निम्मी धावपळ वाचते. सुट्टीच्या दिवसांचं सदस्यांचं वेळापत्रक प्रत्येक ठाण्यात महिन्याच्या सुरुवातीला पोचलं पाहिजे. याला निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

बंदरवाडी

वरचं पटलं. दोन भर घालतो.

दारूच्या केसमध्ये पोरगं बरेचदा पोलिसांच्या नव्हे, राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या हाती लागतं. वन खात्याचंही तेच. बाल कल्याण पोलीस अधिकारी कलम १०७ प्रमाणे पोलीस ठाण्यात असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. या खात्यांच्या कार्यालयांत तसा कोणी नसतो, त्यामुळे तिथे वय विचारण्याआधी पंचनामा होतो, फोटो निघतो आणि तो संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने एकच ओळ हवी: अठरा वर्षांखालचं वाटणारं मूल हाती लागलं की पुढचा कागद करण्याआधी जवळच्या ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं. दुचाकी कोणाची, माल कोणाचा, हे विचारलं गेलंच पाहिजे. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढावर बाल न्याय अधिनियमाचं कलम ८३(२) आणि न्याय संहितेचं कलम ९५ लागतं. ९५ मध्ये किमान तीन वर्षं शिक्षा आहे. ही कलमं फारशी लावली जात नाहीत, पोराला वाहक दाखवून फाइल बंद होते.

आपलं मूल सीमेपलीकडे गोव्यात पकडलं गेलं तर कलम ९५ (हे बाल न्याय अधिनियमातलं, वरच्याशी गल्लत नको) प्रमाणे तिथलं मंडळ चौकशी करून प्रकरण राहत्या जिल्ह्याच्या मंडळाकडे पाठवू शकतं. कोणीतरी अर्ज केल्याशिवाय हे सहसा घडत नाही. दोन्हीकडच्या बाल संरक्षण कक्षांत एकेक नाव ठरवून ठेवा.

दुसरं वयाचं. बागा राखायला आणि बोटींवर खलाशी म्हणून येणारी नेपाळी कुटुंबं. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मदाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, आदेशापासून पंधरा दिवसांत. आधार कार्ड या यादीत नाही. ठाण्यात मात्र आधारवरची तारीख धरतात, आणि ती बऱ्याचदा अंदाजे एक जानेवारी टाकलेली असते. नेपाळातल्या शाळेचा कागद मागवायला वेळ लागतो म्हणून थेट हाडांच्या चाचणीला पाठवलं जातं. तो कागद मागवण्याची जबाबदारी बाल संरक्षण कक्षातल्या विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्यावर, असं टिपणात लिहून टाका.

कोर्टाच्या पायरीवर

पोक्सोबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

सतरा वर्षांचा मुलगा, सोळा-सतराची मुलगी, दोघं आपखुशीने गेलेली. मुलीच्या घरच्यांची तक्रार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोक्सोच्या कलम ४ ची किमान शिक्षा दहा वर्षं, मुलगी सोळाखालची असेल तर वीस. किमान सातच्या वर, त्यामुळे प्रकरण आपोआप अतिगंभीर गटात जातं. एफआयआर होतो, आणि मुलगा सोळा पूर्ण असल्याने कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवण्यासाठीची तपासणी, येतं. वर सांगितलेली डायरीची वाट इथे बंद. पण जामीन बंद नाही. कलम १२ मध्ये गुन्ह्याची वर्गवारी नाही. सोडल्यास सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, या तीनच कारणांनी नाकारता येतो, आणि कारण लिहावं लागतं. 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा' हे त्या तिनांत बसत नाही. जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अट बदलून घ्यायची, हे १२(४). पॅनेलवरच्या वकिलांनाही हे उपकलम आठवत नाही.

प्राथमिक मूल्यांकनात आपल्याकडे खरी उणीव मानसशास्त्रज्ञाची. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. बुद्ध्यांकाचा एक आकडा लिहून दिलेला अहवाल म्हणजे मूल्यांकन नव्हे. परिणाम समजण्याची क्षमता आणि कृत्य कोणत्या परिस्थितीत घडलं, हे दोन्ही त्यात हवं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञांची नामिका (यादी) दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करावी. मूल्यांकनाला पहिल्या हजेरीपासून तीन महिने दिलेले आहेत. २०२४ च्या निकालाप्रमाणे ही मुदत बंधनकारक नाही, निर्देशात्मक आहे. त्याचा अर्थ 'निवांत करा' असा घेतला जातो, म्हणून टिपणात तीन महिनेच लिहा.

खाडीपल्याड

खूप उपयोगी. एक शंका: अंतराचा प्रश्न ऑनलाइन हजेरीने सुटत नाही का? गटात तशी सूचना आली आहे.

तिठ्यावरचा

पहिल्या हजेरीला नको. मार लागलाय का, पोर घाबरलंय का, हे पडद्यावर दिसत नाही, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला पोलीस उभा असताना ते काही बोलणारही नाही. पुढच्या तारखांना चालेल, पण ठाण्यातून नव्हे. तालुका विधी सेवा समितीच्या खोलीतून, वकील शेजारी बसवून.

कोर्टाच्या पायरीवर

मी थोडा वेगळा आहे. पावसाळ्यात घाट बंद, गाडी नाही, अशा वेळी एका सदस्यापुढे ऑनलाइन हजर करून जामीन देणं हे दोन दिवस खोळंबण्यापेक्षा बरं. अपवाद म्हणून ठेवा, कारण नोंदवायची अट घाला.

पाटावरची शाळा

अहवाल आणि पैसा, या दोन गोष्टी राहिल्या.

सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा, नमुना ६. प्रत्यक्षात काय येतं? 'कुटुंबाची आर्थिक परिस्थिती बेताची. मुलगा वाईट संगतीला लागला. समुपदेशनाची गरज.' नाव बदलून हेच तीन वाक्यांचं पान दुसऱ्या मुलाला चालतं. एका परिविक्षा अधिकाऱ्याकडे अख्खा जिल्हा आणि फिरतीचा भत्ता उशिरा, मग फोनवरच अहवाल होतो. टिपणात गृहभेट सक्तीची करा आणि अहवालात काही गोष्टी आल्याच पाहिजेत असं लिहा: शाळेच्या हजेरीपटावरून मूल कोणत्या महिन्यापासून गैरहजर, घरात रात्री कोण असतं, मूल किंवा बाप बोटीवर असेल तर मालकाकडून उचल किती घेतली आहे, दुचाकी किंवा मोबाइल कोणी दिला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरचं उत्पन्न थांबतं आणि पोरं बंदरावर रिकामी असतात. या दोन महिन्यांतली भेट आणि डिसेंबरातली भेट यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल.

पैशाचं असं. घरी सांभाळण्याजोगं मूल, पण घरात खायची पंचाईत, अशा वेळी मंडळ कलम ८ खाली प्रकरण बाल कल्याण समितीकडेही पाठवू शकतं, कारण एकच मूल विधिसंघर्षग्रस्त आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेलं दोन्ही असू शकतं. समितीमार्फत केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व (मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला मदत) मिळू शकतं, महिना ४,००० रुपये. उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर घोडं अडतं, तेव्हा अहवाल लिहितानाच अर्ज भरून घ्यावा. परिविक्षा अधिकाऱ्याच्या फिरतीसाठी जिल्हा वार्षिक योजनेतल्या महिला व बालविकासाच्या वाट्यातून तरतूद मागा. 'समुपदेशन केंद्रा'ऐवजी ही रक्कम लिहिलीत तर मागणी ठोस होईल. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणाचा निधी आहे, पण त्यातून अशा मुलासाठी नाव घालून ठराव करू नका. सगळ्या गावाला कळेल.

बंदरवाडी

शेवटचं, रेकॉर्डचं. इथली पोरं पुढे मर्चंट नेव्हीत, आखातात, पोलीस भरतीत जातात, आणि चारित्र्य पडताळणीत जुनी नोंद वर येते. कलम ७४(२) प्रमाणे बंद झालेल्या प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी द्यायचीच नाही, आणि कलम २४ प्रमाणे अपात्रता चिकटत नाही. अपवाद सोळावरच्या ज्या मुलांचा खटला बाल न्यायालयाने प्रौढासारखा चालवला त्यांचा. आदेश होतो, पण तो ठाण्याच्या संगणकातल्या नोंदीपर्यंत पोचत नाही. म्हणून मंडळाच्या अंतिम आदेशातच 'नोंद नष्ट करून अनुपालन अहवाल पाठवावा' ही ओळ आणि तारीख हवी. किरकोळ गुन्ह्यांत चार महिने अधिक दोन महिन्यांत चौकशी संपली नाही तर कलम १४(४) प्रमाणे कार्यवाही आपोआप संपते. अशा प्रकरणांत वेगळा आदेशच निघत नाही आणि नोंद तशीच राहते. मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी प्रलंबित प्रकरणांचा आढावा घेतात, त्या तक्त्यात एक रकाना वाढवून मागा: मुदत संपलेली किरकोळ प्रकरणं, आणि त्यांपैकी किती ठाण्यांना लेखी कळवलं.