एसक्यूलाइटमध्ये मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ कशी साठवावी?

प्रश्न
नमस्कार. पंपाच्या मोटरची थरथर मोजणाऱ्या सेन्सरकडून मला सेकंदाला २,००० नोंदी मिळतात, म्हणजे लागोपाठच्या दोन नोंदींत जेमतेम ५०० मायक्रोसेकंदांचे अंतर असते. त्या मी एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये साठवतो. कॉलमला ‘डेटटाइम’ असा प्रकार आणि ‘करंट टाइमस्टॅम्प’ (नोंदीच्या क्षणाची वेळ) ही डिफॉल्ट किंमत दिली, तर दोन हजार ओळींवर एकाच सेकंदाचा शिक्का बसला, शिवाय वेळ साडेपाच तास मागे. ‘स्ट्रएफटाइम’ या वेळ मांडून देणाऱ्या फंक्शनने सेकंदाचा अपूर्णांक घेतला, तरी दोन-दोन नोंदी एकाच वेळेच्या दिसतात. कॉलम कोणत्या प्रकारचा ठेवावा?

उत्तर १
एसक्यूलाइटमध्ये तारीख-वेळेसाठी वेगळा प्रकारच नाही. ‘डेटटाइम’ हे नाव ते निमूट स्वीकारते, पण वेळ प्रत्यक्षात मजकूर, पूर्णांक किंवा दशांश संख्या म्हणूनच साठते. अंगभूत फंक्शनांची धाव मिलिसेकंदापर्यंतच असल्याने वेळ आपल्या प्रोग्राममध्येच घ्यावी आणि १ जानेवारी १९७० पासूनचे यूटीसीतील (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेतील) मायक्रोसेकंद पूर्णांकात ठेवावेत. ही १६ अंकी संख्या ८ बाइटांत मावते. तीच वेळ मजकुरात २६ बाइट घेते. साडेपाच तास फक्त दाखवताना मिळवावेत. मात्र वाचताना १०,००,००० ने भागले की बाकी गळून पडते, ती वेगळी काढावी लागते.

उत्तर २
सहमत आहे, तरी फाइल उघडताच वेळ वाचता येणे हा मजकुराचा फायदा मी कमी लेखणार नाही. फक्त अपूर्णांकाचे सहाही अंक प्रत्येक ओळीत हवेत. माझ्या पायथन प्रोग्राममध्ये मायक्रोसेकंद शून्य असले की अपूर्णांक लिहिलाच जात नसे आणि शेवटी मी यूटीसीची खूण म्हणून ‘झेड’ जोडत असे; परिणामी क्रमवारीत ‘१०:२०:३०झेड’ ही वेळ ‘१०:२०:३०.५झेड’च्या नंतर लागे, कारण अक्षरक्रमात टिंब ‘झेड’च्या आधी येते. ही चूक सापडायला मला दोन दिवस लागले. ज्युलियन दिवसाच्या, म्हणजे प्राचीन काळापासूनच्या दिवसांच्या सलग मोजणीच्या, वाटेला जाऊ नका: आजचा आकडा सुमारे २४.६ लाख असल्याने ६४ बिटांच्या दशांश संख्येत त्याची सर्वांत लहान पायरी सुमारे ४० मायक्रोसेकंदांची होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, पूर्णांकच ठेवतो. मग नोंदींचा क्रमही याच कॉलमवरून लावला तर चालेल का?

उत्तर १
तसे करू नये. नेटवर्कवरून घड्याळ दुरुस्त होताना वेळ मागेही सरकू शकते, म्हणून क्रमासाठी वाढत जाणारा अनुक्रमांक स्वतंत्र ठेवावा.