कुठल्या कादंबरीनं तुमच्या लग्नात नाक खुपसलं?

भोगीला सोलापुरात, सिद्धेश्वरांच्या यात्रेत योगदंडाच्या लग्नाला संमती कट्ट्यावर अक्षता टाकून घरी आलो. चहा होतोय तोवर पुण्याहून गड्ड्याला, म्हणजे या जत्रेला आलेली भाची म्हणाली, "मामी, कुंभाराच्या पोरीनं सिद्धेश्वरांना लग्नाचं विचारलं, ते नाही म्हणाले. मग योगदंडाशी लग्न कशाला लावायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "तिचं मन राखलं गं."

"तिचं, की लोकांचं?"

सासूबाईंनी शेंगाचटणीची बरणी तिच्यापुढं सरकवली. आमच्याकडं विषय बदलायचा असला की हेच करतात.

भाचीच्या हातात 'जेन एअर' होतं, १८४७ सालचं. मी कॉलेजात वाचलेलं, रॉचेस्टर आणि माळ्यावर कोंडलेली त्याची बायको एवढंच डोक्यात राहिलं होतं. तिनं सेंट जॉनचा भाग दाखवला. हा पाद्री हिंदुस्थानात निघालेला. जेनला जर्मन सोडायला लावून हिंदुस्थानी शिकवतो आणि मग म्हणतो, मिशनऱ्याची बायको म्हणून चल. जेन म्हणते, बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. आपल्याकडं वैरागी पुरुषानं मुलीला नकार दिला, तिथं मुलीनं वैराग्याला. मला हे विशीत दिसलं असतं तर? काही नाही, लग्न ठरलं होतं तिथंच झालं असतं. पण दिसलं असतं.

तर तुमचं सांगा. जुन्या कादंबरीतलं एखादं लग्न, नकार, पळून जाणं तुमच्या घरात शिरलंय का? परीक्षण नको, गोष्टीचा सारांश तर नकोच. नावंही नकोत, पेठ लिहिली तरी चालेल.

साखर पेठ

माझं लग्न मी पाळण्यात असतानाच ठरलेलं, मेनमामाशी, म्हणजे अम्माच्या सख्ख्या धाकट्या भावाशी. आमच्या तेलुगू पद्मशाल्यांत यात कुणाला वावगं वाटत नाही. घरातली पोरगी घरात राहते, हुंड्याची कटकट नाही.

बी.ए.ला 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होतं. वर्ग त्यातल्या बावळट पाद्री कॉलिन्सला हसायचा. मी नायिका लिझीच्या मैत्रिणीपाशी, शार्लटपाशी अडकले. तिचं वय सत्तावीस, रूप बेताचं, पदरी पैसा नाही. लिझीनं नाकारलेल्या कॉलिन्सला ती हो म्हणते. मला फक्त बरं घर हवंय, असं लिझीला तोंडावर सांगते. मॅडम म्हणाल्या, ही तडजोड. आमच्या बोळात याला चांगलं स्थळ म्हणतात.

पुढं लिझी तिच्याकडं राहायला जाते. शार्लट बसाउठायला घराच्या मागची खोली वापरते. पुढची मोठी आणि चांगली असताना ही मागं का बसते, हे लिझीला कळेना. मग लक्षात येतं, पुढची खोली धरली असती तर कॉलिन्स सारखा येऊन बसला असता.

अम्मा विड्या वळायची. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात पानं, पत्र्याचा फर्मा आणि कात्री. दिवसाला हजार विड्या. बसायची मोरीशेजारी, जिथं दुपारीही दिवा लावावा लागायचा. पुढं खिडकी होती, उजेड होता, आणि नायनाची, म्हणजे वडिलांची बाज होती. मी लहानपणी विचारलं होतं, तर "इथं बरं वाटतं" म्हणाली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही.

नायनाशी बोलायची हिंमत नव्हती, म्हणून थेट मामाकडं गेले. म्हटलं, "मामा, तुम्ही मला खांद्यावर बसवून गड्ड्यात पाळणे दाखवलेत. मला जमणार नाही." तो मागावर होता. माग बंद केला, बराच वेळ धोट्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "मलाबी नको होतं गं. पण अक्काला कोण सांगणार?" अम्मा आठ महिने माझ्याशी बोलली नाही. पुढं एकतिसाव्या वर्षी मी मला हवं तिथं लग्न केलं. मामा सगळ्यात जास्त नाचला.

बाळीवेस

मी निवृत्त शिक्षक. माझी आजी आलवणातली, लहानपणी विधवा झालेली. लिहायला-वाचायला येत नव्हतं. १९६६-६७ च्या सुमारास मी तिला 'पण लक्षात कोण घेतो?' वाचून दाखवायचो. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, म्हणजे आजीपेक्षा जरा थोरलीच. नायिका यमूच्या केशवपनापाशी पोचलो तेव्हा माझाच आवाज अडकला. आजी वाती वळत होती. म्हणाली, "थांब. हे मला ठाऊक आहे. ते मुंबईचं परत वाच."

मुंबईचं म्हणजे यमू नवऱ्याबरोबर मुंबईत बिऱ्हाड करते, वाचते, घरी आलेल्या मंडळींत बसते-बोलते, तो भाग. त्या उन्हाळ्यात तो मी चार वेळा वाचला. पुढची पानं तिनं मला वाचू दिली नाहीत.

होटगी रोड

इथं सगळे फार गोड गोड लिहितायत. माझा अनुभव : स्थळ बघताना बायोडेटात 'छंद : वाचन' लिहिलं होतं, सासरच्यांना भारी आवडलं. लग्नानंतर हातात पुस्तक दिसलं की, "काही काम नाही वाटतं?" कुठली कादंबरी म्हणाल तर कुठलीही. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी ज्वारीच्या डब्यात ठेवायचे. एकदा पीठ लागलेलं परत केलं, काउंटरवरच्या काकांनी नुसतं झटकलं.

रेल्वे लाइन्स

'अ‍ॅना कारेनिना'. सगळे तिच्या प्रेमाबद्दल बोलतात. मला एकच प्रसंग आठवतो. मुलाच्या वाढदिवसाला ती नवऱ्याच्या घरी चोरून जाते. आदल्या दिवशी हौसेनं खेळणी निवडलेली. मुलगा गळ्यात पडतो, वेळ संपतो, नवरा दारात येतो, ती बाहेर पळते. परतल्यावर बघते तर खेळण्यांचं पुडकं तसंच हातात.

माझा मुलगा त्याच्या वडिलांकडं असतो. महिन्यातून दोन रविवार. माझ्या कपाटात एक रिमोटची गाडी आहे, सेल अजून वेगळे गुंडाळलेले. तो आता गाडीशी खेळायच्या वयाचा राहिला नाही.

शेवटची पानं मी वाचलेली नाहीत. इथं रात्रभर गाड्यांचे भोंगे ऐकू येतात.

अशोक चौक

वरचं वाचून लिहावं की नको असं झालं, पण त्याच पुस्तकातलं आहे म्हणून लिहितो. त्यात लेविन नावाचा बुजरा गडी आहे. तो किटीला टेबलावर खडूनं वाक्याची फक्त पहिली अक्षरं लिहून विचारतो, आणि ती बरोबर ओळखते. मला हे फार आवडलं. मी चादरीच्या दुकानात हिशेब लिहायचो. ती शेजारच्या टॉवेलवाल्याकडं कामाला. जात वेगळी, भाषा वेगळी, तोंडानं बोलायची सोय नाही. एक दिवस बिलबुकाच्या मागं लिहिलं : मा. ल. क. का? म्हणजे माझ्याशी लग्न करशील का.

तिनं वाचलं आणि म्हणाली, "मालक का? मालक जेवायला गेलेत."

दुसऱ्या दिवशी सगळं वाक्य लिहिलं. लग्नाला माझ्या घरचं कुणी आलं नाही. वडील चिडले तेव्हा मी भैया चौकातल्या डॉ. कोटणीसांचं नाव काढलं. सोलापूरचा पोरगा चीनमध्ये गेला, १९४१ साली तिथल्या मुलीशी लग्न केलं, आपण त्यांचं स्मारक बांधलं, म्हटलं. वडील म्हणाले, "तू पण जा चीनला."

तीन वर्षांनी नातीला बघायला आले.

होटगी रोड

@साखर पेठ, अम्मा अजून मागंच बसतात का?

साखर पेठ

विड्या सुटल्या, डोळ्यांना दिसत नाही. नायना जाऊन चार वर्षं झाली. बाज मी काढून टाकली, खिडकीशी खुर्ची ठेवलीय. दोन दिवस बसली. मग म्हणाली, "इथं फार रस्ता दिसतो," आणि सूप घेऊन परत मोरीपाशी. आता त्यात लसूण सोलते.