फर्स्ट इयरचं होस्टेल वेगळं हवं की सगळ्यांबरोबर?

पूर्णाकाठ
भाच्याला पुण्यात भेटून परवा गावी आलो. तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, म्हणून हा धागा काढतोय. फर्स्ट इयरच्या मुलांना वेगळ्या बिल्डिंगमध्ये ठेवायची पद्धत बंद व्हायला हवी, असं माझं मत आहे.

भाच्याला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळी पोरं पहिल्या वर्षाची. गेटवर रजिस्टर, सीनियरला आत सोडत नाहीत. एका खोलीत तिघं: हा आमच्या बुलढाण्याचा, एक नंदुरबारचा, एक सोलापूरकडचा. तिघंही सारखेच गोंधळलेले. मेसचा खाडा आधी लिहून द्यावा लागतो हे कळेपर्यंत दोन वेळा गावी जाऊन आले आणि न जेवलेल्या दिवसांचेही पैसे भरले. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडकला होता, कारण बँकेच्या खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट सांगायला आख्ख्या मजल्यावर कोणी नव्हतं.

मी २००२ साली एफ.ई.ला, म्हणजे पहिल्या वर्षाला, आलो तेव्हा माझा रूम पार्टनर बी.ई.चा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, होता. पहिल्या आठवड्यात ड्रॉइंगची शीट लावायची होती. मी आयुष्यात ड्राफ्टर, म्हणजे बोर्डला लावून रेषा आखायचं साधन, पाहिलेला नव्हता. बोर्डवर शीट चिकटवली की तिचा एक कोपरा उठायचा, ड्राफ्टर हलायचा, आणि रेष तिरकी जायची. रात्री अकराला तो जेवून आला, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता जमिनीवर बसला. चारही क्लिपा काढल्या, शीट तळहाताने मधून बाहेर घासत सपाट केली, आणि समोरासमोरचे कोपरे आधी लावायचे हे दाखवलं. मग स्क्रू कुठवर आवळायचा ते. माझी शीट होईपर्यंत दीड वाजला. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं जीटी मारत होती, म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याची शीट गिरवत होती. त्याने मला मारू दिली नाही. "पहिली शीट स्वतः काढ, मग पुढचं पुढे," म्हणाला. एम-१, म्हणजे पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर, मी पहिल्या झटक्यात काढला तो त्याच्यामुळे. माझ्या घरात तोवर कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. घरच्यांना विचारून काय कळणार होतं?

आज भाच्याला हा माणूस कोण देणार?

तिसरं_बटण
तुमच्या पार्टनरबद्दल वाचून बरं वाटलं. पण एक भला माणूस भेटला म्हणून सगळ्या पोरांना सीनियर्सच्या हवाली करायचं, हे मला अजिबात पटत नाही.

मीसुद्धा त्याच काळातला, तुमच्या एक वर्ष आधीचा. कॉलेजचं नाव घेत नाही. आम्हाला दीड महिना मान वर करायची परवानगी नव्हती. सीनियर दिसला की स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं. रात्री एकला दार वाजायचं. गच्चीवर नेऊन "इन्ट्रो" घ्यायचे, आणि त्या इन्ट्रोत काय काय असायचं ते इथे लिहिणार नाही. माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा गणितात आमच्यापेक्षा कितीतरी पुढे होता. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही. त्याची ट्रंक न्यायला त्याचे वडील आले होते. पांढरी टोपी, हातात पिशवी. "काय झालं रे पोराला?" म्हणून आम्हाला विचारत होते, आणि आम्ही सगळे खाली बघत उभे. तेव्हाही तिसऱ्या बटणाकडेच.

आणि हे सगळं कायदा असताना. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, दोषी ठरला तर कॉलेजातून काढायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी केली नाही, तर खुद्द प्राचार्यच त्या गुन्ह्यात सामील धरले जातात. हे सगळं कागदावर होतं आणि आम्ही गच्चीवर होतो. मार्च २००९मध्ये हिमाचलमधल्या टांडाच्या मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीत गेला, तेव्हा कुठे देश हलला. त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आले. तुम्ही जी वेगळी बिल्डिंग पाडायला निघालाय, ती त्यातून उभी राहिली आहे.

भाच्याचे खाड्याचे पैसे गेले, वाईट झालं. पण त्याला रात्री झोप लागते ना?

परभणीची_आई
तिसरं बटण यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझा मुलगा यंदाच गेलाय. प्रवेशाच्या वेळी त्याने आणि मी दोघांनी अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरलं, हेल्पलाइनचा १८००-१८०-५५२२ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये मी स्वतः सेव्ह करून दिला. एकुलता एक आहे. त्याच्या बिल्डिंगला वेगळं गेट आहे हे कळल्यावरच त्याचे बाबा तयार झाले. फॉर्म भरायचं चुकलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त होईल. पोराच्या मनावर एकदा ओरखडा उठला तर तो कोण पुसणार?

पूर्णाकाठ
ताई, तुमची काळजी मला कळते. तिसरं बटण, तुमच्या शेजारच्या मुलाबद्दल वाचून गलबलून आलं. पण फॉर्म पुढच्या वर्षी दुरुस्त होतो हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. शेतकऱ्याच्या घरातलं पोर स्कॉलरशिप हुकली की थेट फी थकलेल्यांच्या यादीत जातं. दोन विषय राहिले की त्याच्या घरात "परत ये" सुरू होतं. मुलं गप्पपणे परत जातात ती फक्त रॅगिंगमुळे जात नाहीत, एवढंच मला म्हणायचंय.

माजी_रेक्टर
मी एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवता शिकवता मुलांच्या होस्टेलचा रेक्टर होतो. दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्यात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

यूजीसीच्या २००९च्या नियमांचा हवाला इथे दिला गेला. त्यात शक्य तिथे नव्या मुलांना वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा, असं आहे. जमत नसेल तर सीनियर्सच्या येण्याजाण्यावर वॉर्डन आणि रखवालदारांनी कडक लक्ष ठेवा, असंही आहे. पण त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. नवी मुलं आली की त्यांचे लहान लहान गट पाडायचे, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे द्यायचा, आणि त्या शिक्षकाने गटातल्या प्रत्येकाशी रोज बोलून अडचणी विचारायच्या. रोज! पुढे एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शनचा कार्यक्रम आणला, त्यातही साधारण वीस मुलांमागे एक शिक्षक आणि सोबत सीनियर विद्यार्थी मार्गदर्शक, अशी रचना सांगितली आहे.

आता मी पाहिलेलं प्रत्यक्ष चित्र सांगतो. गेट बसवायला एक टेंडर पुरतं. रखवालदार एजन्सीचा मिळतो. शिक्षक मात्र कुठून आणायचा? निम्म्या जागा रिकाम्या, उरलेले तासिका तत्त्वावर. रेक्टरपद कोणालाच नको असतं. मला मिळालं, कारण मी तेव्हा सगळ्यांत ज्युनियर होतो. दोनशे दहा पोरं आणि मी एकटा. गटांची यादी दर वर्षी माझ्या सहीने नोटीस बोर्डावर लागायची, आणि तपासणीला कोणी आलं की तिचाच फोटो दाखवला जायचा. रोज बोलणं सोडा, मला शंभर पोरांची नावं नीट माहीत नव्हती. याची मला आजही खंत आहे.

त्यामुळे भिंत असावी का, हा वाद मला अर्धवट वाटतो. नियमाचा भिंतीचा भाग आपण पाळला आणि माणसाचा भाग सोडून दिला. भाच्याला जे मिळालं नाही ते सीनियरने द्यायचं काम नव्हतंच. ते आमचं होतं.

सायली_एसई
इथे सगळे मुलांच्या होस्टेलबद्दल बोलताहेत. आमच्या कॉलेजात मुलींची बिल्डिंग एकच आहे, त्यामुळे पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्या एकत्र. म्हणजे पूर्णाकाठकाकांना जे हवंय ते आमच्याकडे आपोआपच आहे. कसं चालतं ते सांगते.

गेल्या वर्षी मी नवीन असताना सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. रात्री साडेदहाला ताप चढला. आमचं गेट नऊला बंद होतं, मुलांचं अकराला. गेटवरच्या मावशींनी रेक्टर मॅडमच्या परवानगीशिवाय सोडणार नाही म्हणून सांगितलं आणि मॅडम फोन उचलत नव्हत्या. समोरच्या खोलीतली टी.ई.ची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, ताई उठली. रजिस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढे "माझ्या जबाबदारीवर" असं लिहून सही केली आणि मला रिक्षात घालून घेऊन गेली. सकाळी तिला मेमो मिळाला.

म्हणून मी एकत्र राहण्याच्या बाजूने आहे. पण एक सांगते, त्रास आमच्याकडेही होतो. सीनियरच्या बादल्या भरून ठेवणं, त्यांच्या जर्नलच्या फाइली लिहून देणं. कोणी त्याला रॅगिंग म्हणत नाही, पण नाही म्हटलं तर बोलणं बंद होतं. आणि सुरक्षेच्या नावाखाली मुलींना मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत, हेही यूजीसीच्याच नियमांत आहे, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५च्या. आमचं गेट मात्र नऊलाच बंद होतं.

मिलिंद_औरंगपुरा
एक बाजू सुटतेय, ती मांडतो. "सीनियर मदत करतो" हे कोणाच्या बाबतीत खरं आहे? मी समाजकल्याणच्या होस्टेलमधून बारावी करून इंजिनियरिंगला आलो. कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "पूर्ण नाव सांग." मी पहिलं आणि वडिलांचं नाव सांगितलं. "आडनाव?" ते सांगितल्यावर पुढचा प्रश्न आलाच नाही. त्या मजल्यावर नोट्स फिरायच्या, जुन्या प्रश्नपत्रिका फिरायच्या, ड्राफ्टर एकाकडून दुसऱ्याकडे जायचे. सगळं आपापल्या जिल्ह्यातल्या, आपापल्या माणसांत. माझ्यापर्यंत यायला मार्च उजाडला, तोही दुसऱ्या वर्षातल्या आमच्याच एका दादामुळे.

पूर्णाकाठ, तुमच्या पार्टनरच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण मदत ज्याच्या त्याच्या मनावर सोडली की ती ओळखीच्या वाटेने जाते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून बोर्डिंगं काढली ती समाजासमाजाची वेगळी, कारण त्या काळात मुलं एका पंगतीला बसायला तयार नव्हती. भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छताखाली आणली, तेव्हा "राहतील आपोआप एकत्र" म्हणून सोडून दिलं नाही. कामं वाटून दिली, एकत्र रांधायला आणि जेवायला बसवलं, आणि स्वतः मधे राहिले. मधे कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. म्हणून मी माजी रेक्टरांच्या बाजूने.

तिसरं_बटण
मिलिंद, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. आमच्या गच्चीवरही आडनावं विचारली जायचीच, आणि त्यावर कोणाला किती छळायचं ते ठरायचं.

सायलीच्या त्या ताईबद्दल आदर आहे. तरी रात्री खोलीत सीनियर नको, यावरून मी हलणार नाही. खोलीला आतून कडी असते आणि आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही. मात्र संध्याकाळी सात ते दहा, स्टडी हॉलमध्ये, दारं उघडी ठेवून, कोण येतंय त्याची नोंद करून सीनियर शिकवायला येत असतील तर माझी हरकत नाही. गटाची यादी आधी ठरलेली हवी, म्हणजे आडनाव बघून माणूस निवडता येणार नाही.

पूर्णाकाठ
मला हे चालेल. सायलीने लिहिलेल्या बादल्यांवर आणि मिलिंदने लिहिलेल्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा पार्टनर आणि मी एकाच तालुक्याचे होतो, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. फक्त एक, ड्रॉइंगची शीट रात्रीच अडते. दहा नंतर काय?

परभणीची_आई
दहा नंतर झोपू द्या हो पोरांना. स्टडी हॉलचं मला पटलं, पण तिथे कोणी सर हजर हवेत. आठवड्यातून एकदा तरी.

एफई_२०२५
मी स्वतः वेगळ्या बिल्डिंगमध्ये राहतोय. सगळं वाचलं. इथे कोणी रात्री दार वाजवत नाही, त्याबद्दल खरंच बरं वाटतं. नोट्ससुद्धा मिळतात, सीनियर्सनी ड्राइव्हची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आहे. पण काल माझ्या पार्टनरला एम-१चा पहिल्या युनिट टेस्टचा पेपर परत मिळाला, तीसपैकी चार. तो मराठी माध्यमाचा आहे, दहावीला गणितात ९६ होते. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन पडला होता. मी त्याला काय बोलू ते मला सुचलं नाही, कारण मला सहा आहेत. कोणीतरी येऊन एवढंच सांगायला हवं होतं की आम्हालाही असेच पडले होते.

स्टडी हॉल आमच्या तळमजल्यावर आहे, पण त्यात जुने पलंग रचून ठेवलेत. तो उघडून मागायचा तर अर्ज रेक्टरसरांच्या नावाने करायचा की प्राचार्यांच्या?

माजी_रेक्टर
मूळ अर्ज रेक्टरना, प्रत प्राचार्यांना. मजल्यावरच्या जास्तीत जास्त मुलांच्या सह्या घे, खोली नंबरासकट. पलंगांचं वेगळ्या ओळीत लिही, नाहीतर स्टोअरकडे बोट दाखवतील. त्या गट पाडण्याच्या कलमाचा उल्लेख कर. आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नकोस. मसुदा आज रात्री इथे टाक, मी बघून देतो.

तिसरं_बटण
आणि पार्टनरला सांग, मला पहिल्या टेस्टला दोन होते.