९ आणि १२ मीटरसाठी एकच बार: क्लॅम क्लीट की पट्टा?

प्रश्न : लाटांकित

काइटसर्फिंग करतो. वजन ७४ किलो, काइट्स दोन: ९ आणि १२ (चौरस) मीटर. दोन्ही ब्रायडलच्या (पुढच्या कडेला फाटे फुटलेल्या दोऱ्या असलेल्या), चार लाइनच्या, पण बारपेक्षा (काइट चालवायच्या दांड्यापेक्षा) वेगळ्या कंपनीच्या. दोघींना मिळून एकच बार घ्यायचा आहे. समोर दोन पर्याय आहेत:

अ) ५० सेंमी बार, २२ मीटर लाइन्स, बारच्या वर क्लॅम क्लीट (ट्रिमची दोरी दातांत पकडून ठेवणारी खाच), डिपॉवर लाइन (बारच्या मधून जाणारी, ताकद कमी-जास्त करायची दोरी) पीयूच्या (प्लास्टिकच्या) आवरणातली. नवा.

आ) ४५/५२ असा रुंदी बदलता येणारा बार, २४ मीटर लाइन्स, पट्ट्याची ट्रिम (पुढच्या लाइन्सची लांबी बदलायची सोय), डिपॉवर लाइन उघडी, डायनीमाची (मजबूत कृत्रिम तंतूची). वापरलेला, साधारण २०१७-१८ चा.

शिवाय एक शंका. सध्याच्या बारवर १२ मीटर कमी वाऱ्यात सारखी मागे कोसळते. जास्त ताकद मिळावी म्हणून ट्रिम पूर्ण सोडलेली असते, तरीही. हा दोष ट्रिम सिस्टिमचा समजायचा का? तसं असेल तर आधी ट्रिमचा प्रकार ठरवतो, बाकी मग.

---

चौथी_गाठ

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली नाही तर नवा बार घेऊनही हेच होईल.

ट्रिम पूर्ण सोडलेली आहे *तरीही* कोसळते असं नाही, सोडलेली आहे *म्हणूनच* कोसळते. ट्रिम सोडली की पुढच्या लाइन्स लांब होतात, म्हणजे मागच्या त्या मानाने आखूड. काइटची मागची कड खाली ओढली जाते आणि वाऱ्याशी होणारा कोन वाढतो. ठरावीक मर्यादेपर्यंत ताकद वाढते, त्यापुढे हवा कापडाला धरून वाहत नाही आणि काइट मागे सरकत खाली येते. हाच बॅकस्टॉल. कमी वाऱ्यात ही मर्यादा लवकर येते. तेव्हा उलट करून पाहा: ट्रिम ५ ते ८ सेंमी आत ओढा, बार थोडा सोडा आणि काइटला वेग घेऊ द्या. कमी वाऱ्यातली ताकद काइटच्या हालचालीतून येते, मागच्या लाइन्स ताणून येत नाही.

मूळ कारण बहुतेक वेळा लाइन्सच्या लांबीत असतं. उडताना बहुतांश भार पुढच्या लाइन्सवर असतो, त्यामुळे त्या मागच्यांपेक्षा जास्त ताणल्या जातात. बार जुना होत जातो तसा तो न सांगता 'जास्त पॉवर'कडे सरकतो. तपासायची रीत अशी:

१. चारही लाइन्सची टोकं एकाच खुंटीला अडकवा. चार वेगळे खिळे नकोत, तिथेच सेंटिमीटरचा घोळ होतो.
२. ट्रिम पूर्ण सोडा. लाइन्सना पीळ नाही याची खात्री करा.
३. चिकन लूप (बारखालचा फास) कमरेच्या हार्नेसच्या हुकात घालून मागे रेला आणि बार लूपला टेकेपर्यंत आत ओढा.
४. या स्थितीत चारही लाइन्स सारख्या ताणात हव्यात आणि बार सरळ. मागच्या ताठ आणि पुढच्या झोळ पडलेल्या दिसल्या तर तुमच्या १२ मीटरचं उत्तर मिळालं.

दुरुस्तीसाठी बारच्या टोकाकडून येणाऱ्या लीडर लाइन्सवर ओळीने गाठी असतात. फ्लाइंग लाइन बारपासून एक गाठ *दूर* नेली की मागची लाइन लांब होते. दोन्ही बाजूंना सारखीच गाठ बदला आणि पुन्हा खुंटीवर तपासा. डावी-उजवीतला फरक मात्र गाठीने झाकू नका. आखूड लाइन तेवढी खुंटीला लावून अंगाच्या वजनाने ओढा. बऱ्याचदा ती बरोबरीला येते.

याच्या उलट लक्षणं असतील, म्हणजे बार पूर्ण आत ओढूनही काइट आळसावल्यासारखी वळते आणि मागच्या लाइन्सना मोठा झोळ दिसतो, तर मागच्या जास्त लांब आहेत. मग एक गाठ बारच्या *जवळ* आणा.

---

खारा_दोर

+१ वरच्याला. आता बारकडे.

कंपनी वेगळी असल्यामुळे पहिला प्रश्न क्लीटचा नाहीच, पुढच्या लाइन्सचा व्ही कुठे फुटतो हा आहे. लो व्हीमध्ये पुढच्या दोन लाइन्स ट्रिमच्या थोड्याच वर वेगळ्या होतात. हाय व्हीमध्ये त्या काही मीटर वर जाऊन फुटतात, म्हणजे काइटपाशी त्यांच्यातला कोन मोठा होतो आणि टोकं आत दाबली जातात. ज्या काइटला लो व्ही हवा तिला हाय व्ही दिला तर ती अरुंद उडते, झुळकांमध्ये थरथरते. काइटच्या पुस्तिकेत कोणता व्ही चालतो ते लिहिलेलं असतं. दोन्ही चालत असतील तर प्रश्न मिटला. 'अ' आणि 'आ' दोघांचा व्ही विचारून घ्या, तुम्ही लिहिलेला नाही.

रुंदी: १२ ला ५० ते ५२ हवी, नाहीतर वळायला वेळ लागतो. ९ ला ४५ पुरते, ५० वरही उडते पण थोडी चुळबुळी वाटते. म्हणून या दोन मापांना ५० चा स्थिर बार ही वाईट तडजोड नाही. ७ मीटर घ्यायचा विचार असेल तर ४५/५२ ला वजन येतं. रुंदी बदलल्यावर मागच्या लाइन्सची लांबी पुन्हा तपासा, सगळ्याच बारमध्ये ती आपोआप भरून निघत नाही.

लाइन्स: २४ मीटरवर काइटला फिरायला जागा जास्त, म्हणून हलक्या वाऱ्यात फायदा. २२ वर प्रतिसाद चटकन. ९ जास्त वापरणार असाल तर २२.

ट्रिमचे प्रकार, माझ्या मते:

क्लॅम क्लीट दुरुस्तीला सोपी. दोरी बदलता येते, क्लीटही. दात झिजले किंवा चुकीच्या जाडीची दोरी घातली की ती हळूहळू सरकते आणि काइट आपोआप पॉवरमध्ये जाते. वाळू बसली तरी तेच. दोरीचं मोकळं टोक चुंबकाने, वेल्क्रोने किंवा इलॅस्टिकने अडकून राहतं ना, हे पाहाच. लोंबतं टोक लाइन्समध्ये गुंतलं की मोठा घोटाळा होतो.

पट्टा: एक टोक ओढलं की डिपॉवर, दुसरं ओढलं की पॉवर. हातमोजे घातलेले असताना सोयीचा. पण मीठ आणि वाळूने पट्टा कडक होतो, बकल झिजलं की घसरतो, आणि दोन टोकं फडफडत राहतात.

बारच्या टोकाची मूठ फिरवून ट्रिम करायचा तिसरा प्रकारही आहे. हात बारवरून काढावा लागत नाही हे खरं, पण बिघडला तर सुट्या भागांसाठी कंपनीकडेच जावं लागतं. किनाऱ्यावर चाकू आणि दोरीने काम भागत नाही.

---

लाटांकित

खुंटीवर तपासलं. पुढच्या ४ सेंमी लांब निघाल्या! दोन गाठी दूर नेल्यावर चारही सारख्या ताणात आहेत.

दोन्ही काइट्सना लो व्ही चालतो, 'अ' लो व्हीच आहे. एकच अडचण: क्लीट हाताला जेमतेम लागते, बोटांची टोकं पोचतात फक्त. स्टॉपर खाली आणला तर जमेल का?

---

चौथी_गाठ

नाही. स्टॉपर फक्त बारला अडवतो, क्लीट आहे तिथेच राहते. शिवाय स्टॉपर फार जवळ आणला की झुळूक आली तरी बार पूर्ण बाहेर जात नाही, म्हणजे जेव्हा डिपॉवर सर्वांत जास्त हवं तेव्हाच ते मिळत नाही. स्टॉपर जोरात ढकलल्यावर सरकणारा असावा.

उपाय म्हणजे डिपॉवर लाइन आखूड करणे. बऱ्याच बारमध्ये त्यासाठी दुसरी गाठ किंवा दुसरा फास दिलेला असतो. नसेल तर स्वतः गाठ मारू नका, त्याने दोरी कमजोर होते आणि गाठ बारच्या भोकात अडकते. आखूड केल्यावर दोन गोष्टी बदलतात. थ्रो (बार आत-बाहेर जाण्याचं अंतर) तेवढाच कमी होतो, म्हणजे एकूण डिपॉवरही. आणि पुढच्या लाइन्स तेवढ्याच आखूड झाल्याने काइट कमी ताकदीकडे झुकते. ५ सेंमी आखूड केलंत तर मागच्याही ५ सेंमी आखूड कराव्या लागतील. पुन्हा खुंटी आलीच.

विकत घेण्याआधी दुकानातच हार्नेस घालून लूप अडकवा आणि कुणाला तरी लाइन्स ताणून धरायला सांगा. क्लीट मुठीत यायला हवी, बोटांच्या टोकांनी ती भाराखाली ओढली जात नाही.

---

वारा_पुसणारा

'आ' बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. क्विक रिलीजसाठीचं (संकटात लूप झटक्यात सोडायच्या यंत्रणेसाठीचं) आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं, त्यामुळे २०१७-१८ च्या बारवर तो शिक्का असणार नाही. एवढ्यावरून तो लगेच वाईट ठरत नाही, पण तपासल्याशिवाय घेऊ नका. लूपमध्ये अंगाचं पूर्ण वजन टाकून रिलीज ढकला: एका हाताने, एका झटक्यात सुटला पाहिजे. मग एकाच हाताने परत जोडून पाहा. आत वाळू करकरत असेल तर गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा हेच करा.

उघड्या डायनीमाला थोडे तंतू उठलेले चालतात. बारच्या भोकातून जाणारा भाग चपटा किंवा पातळ झाला असेल तर लाइन बदलायची. पीयूवाल्यात झीज आत लपते, म्हणून आवरणाला तडा दिसला की आतली दोरी गेली असं धरून चाला.

बार कोणताही घ्या, सेफ्टी लाइन (रिलीजनंतर काइटला धरून ठेवणारी दोरी) धरून आधी कोरड्या जमिनीवर बघा: रिलीज सोडल्यावर बार एका पुढच्या लाइनवर विनाअडथळा वर सरकतो का. मग हलक्या वाऱ्यात, ९ मीटर लावून, खरोखर सोडा. काइट एका लाइनवर लोळत पडायला हवी. ती ओढत राहिली तर बार कुठेतरी अडतोय, बहुधा बारखाली पीळ बसलाय किंवा स्विव्हल (पीळ सोडवणारा फिरता जोड) मिठाने जाम आहे.